पुरुषभर पाण्यातली लालसरी

दिवाळीच्या आगेमागे, सोयाबीन-बाजरीची काढणी उरकत आलेली असताना आणि धरणं अजून तुडुंब असताना, एखाद्या रात्री उत्तरेकडून बदकं उतरतात. सकाळी मासेमार होडी काढतो तेव्हा काल मोकळ्या असलेल्या पाण्यावर ती बसलेली असतात. उजनीच्या फुगवट्यावर भिगवण-कुंभारगावकडे, निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला, पैठणच्या नाथसागरावर, तापीवरच्या हतनूरला. मग 'परदेशी पाहुणे दाखल' अशा मथळ्याच्या बातम्या येऊ लागतात. त्यांतले फोटो बहुधा रोहितांचे असतात, नाहीतर चक्रवाकांचे. बातमीच्या शेवटी 'याशिवाय इतर बदकं' असा उल्लेख असतो. हा लेख त्या 'इतर'मधल्या एका बदकाविषयी आहे.

मराठी पक्षिनिरीक्षक तिला छोटी लालसरी म्हणतात, इंग्रजीत कॉमन पोचार्ड, शास्त्रीय नाव आयथिया फेरिना. पश्चिम युरोपापासून कझाकस्तानच्या तलावांवरून थेट बैकल सरोवराच्या परिसरापर्यंत ती वीण घालते आणि थंडीत दक्षिणेकडे सरकते. आपल्याकडे उत्तर भारतात ती भरपूर, दख्खनच्या जलाशयांवर बऱ्यापैकी आणि आणखी खाली दक्षिणेत विरळ. नर देखणा आहे. डोकं तांबूस-विटकरी, छाती काळी, अंग फिकट राखी, बूड पुन्हा काळं. पुस्तकातलं चित्र एकदा पाहिलेला शाळकरी मुलगाही तो ओळखतो. मादी मात्र मातकट. या पक्ष्याचं पुढे काय होणार याचा सगळा प्रश्न त्या मातकट मादीभोवती फिरतो, आणि आपल्या वह्या, आपले कॅमेरे, आपलं कौतुक नराभोवती. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून ओळखण्यापासूनच सुरुवात करते.

पाण्यावर बसलेलं बदक बुडी मारणारं आहे की वरवर चरणारं, हे रंग दिसण्याआधी कळतं. थापट्या, तलवार बदक, हळदी-कुंकू बदक ही वरवर चरणारी. ती पाण्यावर उंच बसतात, शेपटी पाण्यापासून वर असते, आणि खायचं झालं की डोकं खाली, बूड वर अशी उभी होतात. पूर्ण बुडत नाहीत. लालसरीचं अंग पाण्यात खोल असतं. पाठीची रेषा मागे उतरत जाते आणि शेपटी पाण्याला टेकते. उडतानाही फरक दिसतो. थापट्या बसल्या जागेवरून झपकन उठतो. लालसरीला धावावं लागतं. पंख अंगाच्या मानाने लहान, वजन जवळपास किलोभर, त्यामुळे ती पाण्यावर पायांनी छपछप करत बरंच अंतर पळते आणि मग उचलली जाते. हे अंतर तिला मिळालं नाही तर ती उडण्याऐवजी बुडी मारते. होडी थेट थव्यावर घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मागे वळून पाहिलं तर लालसरी 'उडाली' नसते, होडीच्या मागे कुठेतरी धापा टाकत वर आलेली असते.

मग डोक्याचा आकार. लालसरीचं कपाळ आणि चोच यांच्यात खाच नसते. माथ्यापासून चोचीच्या टोकापर्यंत एकच उतार, किंचित आत वळलेला, घसरगुंडीसारखा. धुक्यात, उन्हाविरुद्ध, पाचशे मीटरवरही हा उतार दिसतो, आणि नर-मादी दोघांत सारखा असतो. मी नवख्यांना सांगते की पहिला महिनाभर रंग पाहूच नका, नुसते आकार पाहा. रंग सकाळच्या तिरप्या उन्हात फसवतो. त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेले बरेच नर अजून पुरते रंगलेले नसतात. वीण संपल्यावर ही बदकं उडायची सगळी पिसं एकदम टाकतात, तीन-चार आठवडे त्यांना उडताच येत नाही, आणि त्या काळात नर मादीसारखा मळका वेष घेतो. तो वेष उतरत असतानाच नर आपल्याकडे पोचतो. छाती धड काळी नाही, पाठ अर्धी राखी अर्धी तपकिरी, असा नर दिवाळीत हमखास भेटतो आणि वहीत 'मादी' म्हणून जमा होतो. संक्रांतीपर्यंत हा घोळ बराचसा मिटतो.

आता शेजारी कोण बसतं ते पाहू, कारण लालसरी एकटी क्वचित असते. मोठी लालसरी, म्हणजे रेड-क्रेस्टेड पोचार्ड, अंगानं चांगली थोराड. नराचं डोकं गोल, नारिंगी-सोनेरी आणि चोच पोवळ्यासारखी लाल. हतनूरचा जलाशय तिच्या मोठ्या थव्यांसाठी ओळखला जातो. तिची मादी ओळखायला सोपी आहे, डोक्यावर गडद तपकिरी टोपी आणि खाली फिकट गाल. शेंडी बदकाचा नर काळा, कुशी पांढऱ्या, मानेमागे लोंबणारी शेंडी. नर सगळेच सोपे आहेत.

खरी कसोटी तीन माद्यांची. छोटी लालसरी, शेंडी बदक आणि जुने अभ्यासक जिला पांढऱ्या डोळ्याची पोचार्ड म्हणत ती फेरुजिनस डक, या तिघींच्या माद्या एकाच थव्यात, ढगाळ सकाळी, तपकिरी पाण्यावर बसल्या की भल्याभल्यांची मान दुखते. फेरुजिनसच्या शेपटीखाली पांढराशुभ्र त्रिकोण असतो, म्हणून पांढरं बूड दिसलं की लोक लगेच तिचं नाव लिहून मोकळे होतात. पण शेंडी बदकाच्या काही माद्यांनाही शेपटीखाली पांढरं असतं. तिथे डोळा कामाला येतो. शेंडी बदकाच्या मादीचा डोळा पिवळा, फेरुजिनसच्या मादीचा गडद तपकिरी. पांढरा डोळा फक्त फेरुजिनसच्या नराचा. उडाल्यावर पंख पाहावेत. या दोघींच्या पंखावर ठसठशीत पांढरा पट्टा असतो. छोट्या लालसरीच्या पंखावर तो नाही, नुसती फिकट राखी छटा आहे. आणि या मंडळींत आपसांत संकर होतात. छोटी लालसरी आणि फेरुजिनस यांच्या संकराला तर युरोपातल्या निरीक्षकांनी 'पॅजेट्स पोचार्ड' असं स्वतंत्र नावच दिलेलं आहे. त्यामुळे एखादं बदक कुठल्याच वर्णनात बसत नसेल तर ओढूनताणून बसवू नये. 'ओळख पटली नाही' ही प्रामाणिक नोंद आहे.

छोट्या लालसरीची मादी जवळून कशी दिसते ते सांगते. नांदूर मध्यमेश्वरच्या चापडगाव बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. तिथून पाणकणसांच्या बेटांपलीकडे उघडं पाणी दिसतं. जानेवारीतल्या एका सकाळी धुकं उठल्यावर त्या पाण्यावर लालसऱ्यांचा थवा झोपलेला होता. झोपलेलाच असतो. हा पक्षी बराचसा रात्री चरतो आणि दिवसा मोकळ्या पाण्याच्या मध्यावर, काठापासून दूर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून तरंगत राहतो. 'काहीच करत नाहीयेत' म्हणून लोक दुर्बीण दुसरीकडे वळवतात. झोपलेल्या थव्यात राखी पाठीचे नर मोजता येतात, माद्या पाण्याच्या रंगात मिसळून जातात. स्कोप एका जागी लावून थांबलं की मात्र बक्षीस मिळतं. त्या दिवशी एक भोवत्या, म्हणजे दलदलीवर फिरणारा शिकारी पक्षी, पाणकणसांवरून खालून खालून तरंगत आला आणि क्षणात थव्यातली सगळी डोकी वर झाली. तेवढ्या वेळात समोरची मादी पुरती दिसली. डोळ्यामागून मानेकडे गेलेली फिकट रेघ, हनुवटी आणि चोचीच्या मुळाशी पुसट पांढुरका डाग, डोकं-छाती मळकट तपकिरी, पाठ मात्र राखीकडे झुकलेली, गडद चोचीवर निळसर-राखी पट्टा. शेजारच्या नराच्या पाठीवर पांढऱ्यावर काळ्या केसाएवढ्या बारीक लहरी होत्या, दुरून ज्याला आपण राखी रंग म्हणतो तो या लहरींचा. नराचा डोळा लाल, तिचा तपकिरी. भोवत्या पुढे गेला, डोकी पुन्हा पिसांत गेली.

माझ्यासोबतचा गावातला तरुण वाटाड्या म्हणाला, "ताई, माद्या मोजायच्या तर भोवत्याची वाट बघायची." त्याचा हा धडा कुठल्याही मार्गदर्शिकेत मी वाचलेला नाही आणि तेव्हापासून मी तो पाळते.

बुडी पाहायची तर वेळ साधावी लागते, भल्या पहाटे किंवा दिवस मावळताना. तेव्हा थवा सैल होतो आणि एकेक पक्षी चरायला लागतो. बुडीआधी लालसरी अंग चोरते. पिसं घट्ट दाबून त्यांत अडकलेली हवा बाहेर काढते, कारण ती हवाच तिला वर ढकलत असते. मग मान उंच करून पुढे लहानशी उडी, आणि पाणी मिटतं. आत पंख अंगाशी मिटलेले राहतात. सगळं काम पायांचं. हे पाय शरीराच्या बरेच मागे बसवलेले आहेत, पंजे मोठे आहेत, आणि मागच्या छोट्या बोटालाही कातडीची पाळी आहे, जी वरवर चरणाऱ्या बदकांना नसते. याच पायांमुळे ती जमिनीवर डुलत, अवघडत चालते. पाण्यात ती सतत खाली वल्हवत राहते. वल्हवणं थांबलं की आपोआप वर येते. पंधरा-वीस सेकंद, फार तर अर्धा मिनिट. तळातली कंदमुळं, पाणवनस्पतींचे कोंब आणि बिया, गोगलगायी, चिखलातल्या अळ्या ती चोचीनं चाचपून घेते. गढूळ पाण्यात आणि काळोखातही तिला चरता येतं ते यामुळे.

तिला लागणारी खोली मीटर-दोन मीटरची, आपल्याकडच्या बोलीत कमरेपासून पुरुषभर. यापेक्षा फार खोल पाणी तिच्या उपयोगाचं नाही, फार उथळही नाही. धरणावर हे गणित रोज बदलतं. दिवाळीत जलाशय भरलेला असतो तेव्हा तिला कडेकडेच्या बुडालेल्या शेतांवर चरता येतं. पाणी सुटू लागलं की तीच जागा आधी उथळ होते, मग चिखल, मग गाळपेर. चिखल झाला की तुतवार आणि रोहित खूश. लालसरी तोवर पुढच्या पट्ट्यात सरकलेली असते. म्हणूनच एका धरणावर एका आठवड्यात दिसलेल्या आकड्यावरून 'यंदा बदकं कमी झाली' असं कुणी सांगितलं तर मी आधी पाण्याची पातळी विचारते.

या जागा आपणच केलेल्या आहेत, हेही विसरू नये. गोदावरी-कादवा संगमाजवळचा नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा १९११ सालचा, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला. त्यात गाळ साचत गेला, बेटं झाली, पाणकणीस वाढलं आणि पाखरं आली. १९८६ मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि पुढे महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा म्हणून त्याचं नाव लागलं. नाथसागर १९७६ चा, उजनी १९८० चं. या धरणांखाली माणसांची गावं गेली, त्यांचं दुःख वेगळं आणि मोठं आहे. पक्ष्यांनी मात्र एका-दोन पिढ्यांत या पाण्याचा पत्ता शोधला.

तो पत्ता ती कुठून शोधत येतात, हे कळायला कड्यांचा उपयोग झाला. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ ची. पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या पुढाकारानं तिनं १९५० च्या दशकाअखेरीस भरतपूरला स्थलांतराचा मोठा अभ्यास सुरू केला. बिहारचे मीरशिकार, ज्यांच्या घराण्यांत पाखरं जिवंत धरण्याची विद्या पिढीजात, ते या कामाचे हात होते. पक्षी धरायचा, पायात क्रमांकाचं हलकं कडं चढवायचं, सोडून द्यायचा. भरतपूरला कडं घातलेली बदकं पुढे मध्य आशियात आणि सायबेरियात सापडली, तेव्हा या प्रवासाला नकाशा मिळाला. याच भरतपूरच्या पाण्यावर १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारपार्टीनं एका दिवसात ४,२७३ पाखरं पाडली होती. तिथल्या दगडी फलकावर तो आकडा कोरलेला आहे. १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा वाढदिवस. आणि ५ नोव्हेंबर अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र सरकार २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतं. लालसऱ्या उतरायच्या नेमक्या दिवसांत तो येतो.

शिकार आपल्याकडे कायद्यानं बंद झाली. पण जगभरात छोटी लालसरी गेल्या काही दशकांत इतक्या झपाट्यानं घटली की २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत तिला 'असुरक्षित' ठरवावं लागलं. ज्या पक्ष्याच्या नावातच 'कॉमन' आहे त्याची ही गत. कारणं विणीच्या मुलखात आहेत. पूर्व युरोपातले मासे पाळायचे जुने तलाव कुठे ओस पडले, कुठे इतके दामटून वापरले गेले की काठची वेतवनं उरली नाहीत. काळ्या डोक्याच्या कुरवांच्या वसाहतीत ही बदकं घरटी करत, कारण कुरव कोल्ह्या-कावळ्यांना हुसकावतात. त्या वसाहतीच मोडल्या. फरसाठी आणलेली आणि मोकाट सुटलेली अमेरिकन मिंक आणि रॅकून डॉग ही जनावरं घरट्यांवर येऊ लागली. आणि घरट्यावर कोण असतं? एकटी मादी. आठ-दहा अंडी, पंचवीसेक दिवस उबवणं, आणि नर त्याआधीच पिसं टाकायला दूरच्या मोठ्या पाण्यावर निघून गेलेला. घरट्यावर हल्ला झाला तर तीच मरते.

हे थंडीतल्या मोजणीत दिसलं. युरोप आणि आसपासच्या देशांतल्या निरीक्षकांनी १९८९-९० मध्ये थव्यांतले नर-मादी वेगवेगळे मोजले होते. तेव्हा नरांचं प्रमाण सुमारे ६२ टक्के होतं. २०१६ मध्ये पुन्हा तसंच मोजलं तेव्हा ते ७१ टक्क्यांवर गेलेलं होतं. एकूण आकडा पाहून एवढंच कळलं असतं की बदकं घटताहेत. दोन रकान्यांमुळे कळलं की कोण मरतंय. हजार लालसऱ्यांच्या थव्यात माद्या तीनशे असतील तर पुढच्या वर्षीची घरटी तीनशेहून जास्त होऊच शकत नाहीत, सातशे नर कितीही देखणे असोत.

यात आपला संबंध असा की माद्या नरांपेक्षा अधिक दक्षिणेला जातात, हे वारंवार दिसलेलं आहे. नर उत्तरेकडच्या पाण्यावर थांबतात, विणीच्या जागी लवकर पोचायचं म्हणून. मादी लहान चणीची, थंडी तिला जड जाते. मध्य आशियाई उड्डाणमार्ग सुमारे तीस देशांवरून जातो आणि त्याच्या दक्षिणेकडच्या टोकाला दख्खनचे आपले जलाशय आहेत. तेव्हा इथल्या थव्यांत नर किती नि माद्या किती, ही माहिती उजनीपुरती किंवा नांदूरपुरती राहत नाही.

आणि इथे त्यांना धोका नाही असंही नाही. तळ्यात उभी लावलेली तंगुसाची जाळी माशांसाठी असते, पण बुडी मारणाऱ्या पक्ष्याला ती पाण्यात दिसत नाही. पाणकावळा, टिबुकली, लालसरी, जे बुडतं ते अडकतं आणि गुदमरतं. जगभर बुडी मारणाऱ्या बदकांचा हा मोठा काळ आहे. मासेमाराला ते नको असतं, त्याचं जाळं फाटतं, सकाळ वाया जाते. जिथे थवे रात्री चरतात तो पट्टा हिवाळ्यापुरता जाळ्यांना मोकळा ठेवता येईल का, हे त्यांच्याशी बसून ठरवण्याजोगं आहे. भिगवणकडे अनेक मासेमार आता सकाळी पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवतात. थवे कुठे चरतात हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. दुसरं संकट वरून येतं. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत. त्यावर जलपर्णी माजते, उजेड तळाशी पोचत नाही, आणि लालसरी ज्या पाणवनस्पतींसाठी बुडी मारते त्याच नाहीशा होतात. पाण्यावर हिरवळ दिसते म्हणून कुणी त्याला समृद्धी समजू नये.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. भारतीय उपखंडात ती १९८७ पासून चालत आली आहे आणि हौशी माणसांच्या बळावर चालते. तुमच्या गावाजवळ तलाव असेल तर त्या पंधरवड्यात एक सकाळ द्या. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरा. काठावरून मोजा, होडी थव्यात घालू नका. बुडी मारणारे पक्षी चरत असतील तर त्यांतले काही कायम पाण्याखाली असतात, म्हणून एकदा मोजून भागत नाही. दहा-दहा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा धरा. झोपलेला थवा मिळाला तर उत्तम, फक्त डोकी वर होईपर्यंत थांबा. सगळा थवा होत नसेल तर शंभर पक्ष्यांचा एक तुकडा नीट करा, पण थव्याच्या कडेचा आणि मधला असे दोन्ही घ्या, कारण नर आणि माद्या थव्यात सारख्या विखुरलेल्या नसतात. आणि वहीत छोट्या लालसरीपुढे एक आकडा न लिहिता तीन लिहा: नर, मादी, आणि ओळखू न आलेल्या.